टेकडी मोठी दिसली पाहिजे

१

दोष पाकदे दार्सोनोचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वाडीत दुसरं कुणी सांगणार नाही.

पाकदे म्हणजे थोरला काका. माझ्या मेलेल्या बापाचा मोठा भाऊ आणि वातुकेरेप वाडीचा प्रमुख. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणतो, आणि तेही मान खाली घालून. आमच्यात म्हातारा कितीही मूर्ख असला तरी त्याच्यापुढे मान खालीच ठेवायची असते. इथे लिहिताना ती गरज नाही.

मी जारोत. जोग्जा शहरात भूमापन शिकायला गेलो होतो, तिसऱ्या वर्षी सोडून आलो. का सोडलं ते माझं मी बघून घेईन. वाडीतल्या म्हाताऱ्यांना मात्र चघळायला हाडूक मिळालं. दुकानात गेलो की कुणीतरी लवंगेच्या सिगरेटचा धूर सोडत विचारणार, "काय रे, आज कुठली जमीन मोजलीस?" आणि बाकीचे खोकेपर्यंत हसणार.

जुलैत पाकदे घरी आला. आईनं त्याच्यापुढे चहा आणि तळलेले नाकतोडे ठेवले. ते संपवून त्यानं बोटं लुंगीला पुसली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"स्वातंत्र्यदिनाला तालुक्याची स्पर्धा आहे. प्रत्येक वाडीनं आपला उठावाचा नकाशा करायचा. डोंगर, खड्डे, सगळं हाताला लागलं पाहिजे. तू अर्धा इंजिनियर आहेस ना? मग अर्धा डोंगर तरी करशील."

"करेल तो," आई म्हणाली. माझ्या वतीनं हो म्हणायची तिला सवयच होती. त्याला नाही म्हणायची तिची कधी हिंमत झाली नाही. बाप गेल्यावर आमचं शेत कुणाच्या नावावर राहणार हे पाकदे ठरवणार होता, आणि सहा वर्षं तो ते ठरवतच होता.

२

गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर कुठेतरी खोटं बोलावंच लागतं. शाळेतल्या नकाशात ध्रुवाजवळचं बेट फुगून आफ्रिकेएवढं होतं. उठावाच्या पृथ्वीगोलावर बोट फिरवलं की हिमालय बोटाला टोचतो. खऱ्या मापानं केला तर नखालासुद्धा लागणार नाही. खरी पृथ्वी हातात घेण्याएवढी लहान केली तर अंड्याच्या कवचाहून गुळगुळीत लागेल. ते कुणाला पाहवत नाही, म्हणून उंची वाढवतात. त्यात पाप नाही. फक्त कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात लिहायचं असतं: उंची इतक्या पट वाढवली आहे. किती खोटं बोललो ते सांगून टाकायचं. कॉलेजातलं एवढं एकच मला मनापासून पटलं होतं.

वाडीच्या सभागृहात टेबलटेनिसच्या टेबलावर मी काम मांडलं. समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवायच्या, कापायच्या, एकावर एक चिकटवायच्या, पायऱ्या बुजवायला वरून कागदाचा लगदा. खळ कसाव्याच्या पिठाची. आमचा मुलूख चुनखडीचा, टेकड्या उपड्या वाडग्यांसारख्या, आणि मधे मधे जमिनीत उभी भोकं. त्यांना आम्ही लुवेंग म्हणतो. आमच्या वाडीचा लुवेंग म्हणजेच वाडीची विहीर: आत दगडी पायऱ्या, पायऱ्या संपल्या की एक ओटा, ओट्यावरून दोरीनं डबा सोडायचा, खाली काळोखात पाणी.

मी उंची दुप्पट धरली होती आणि चौकटीत तसं लिहिलंही होतं. आमची लुंबुंग टेकडी तेवढ्यानं चहाच्या पेल्याएवढी उठली.

पाकदे बघायला आला. टेबलाभोवती एक फेरी मारली.

"हे काय? गळू आहे का?"

"प्रमाणात आहे, पाकदे."

"त्या केदुंगवारू वाडीवाल्यांनी कालच टेकडी केलीय. गुडघ्याएवढी! आपल्या लुंबुंगच्या निम्मी नाही त्यांची टेकडी, आणि गुडघ्याएवढी. आणि आपण तालुक्यापुढे गळू मांडायचं?"

"त्यांनी खोटं केलंय."

"बक्षीस घेतील ना खोट्याचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्रिजच्या खोक्यांचे जाड पुठ्ठे आणवले आणि त्याच्या वयाच्या चार जणांना बसवून माझ्या प्रत्येक थरावर आणखी थर चढवले. टेकडी माझ्या कमरेपर्यंत आली. पण टेकडी ज्या पटीनं उंच, त्याच पटीनं भोकं खोल. लुवेंग टेबलाच्या आरपार जायला लागला. तेव्हा सागियो सुताराला बोलावलं. त्यानं टेबलाला भोक पाडलं, खालून मनगटाएवढ्या जाडीचं बांबूचं नळकांडं बसवलं, आतून काळा रंग दिला आणि तळाला फळीचा तुकडा ठोकला.

शेवटी पाकदेनं कोपऱ्यातली माझी चौकट नखानं खरवडून काढली.

"ती राहू द्या," मी म्हणालो. "हवं तर सहापट लिहा, दहापट लिहा. पण लिहा."

"लिहिलं म्हणजे खोटं आहे हे आपणच कबूल केल्यासारखं होतं. टेकडी मोठी दिसली पाहिजे. का मोठी दिसते ते कशाला सांगायचं?"

चारही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खरवडलेल्या कागदाचा चुरा पाकदेनं फुंकर मारून उडवला.

३

ऑगस्टात आमच्याकडे नळ फक्त सुस्कारे टाकतो. सकाळी उठून लुवेंगमधून पाणी आणणं हे आईचं काम. मी आणतो म्हटलं तर म्हणायची, "तू सांडतोस."

चौकट खरवडली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती रिकामा डबा घेऊन परत आली.

"दोरी आखडली का रे? पाण्याला टेकत नाही."

मी दोरी पाहिली. तीच निळी नायलॉनची दोरी, बापानं आणलेली. पाणी खाली गेलं असणार, दुष्काळात जातंच. मी दोरीला दुसरी दोरी बांधली आणि विसरून गेलो.

मग अंगणातला कसावा. पावसाचा टिपूस नाही, ऊन भाजून काढतंय, आणि वाळत घातलेल्या फोडींवर काळी बुरशी. मी अंगणात बसून बघितलं. लुंबुंग टेकडी आमच्या पश्चिमेला. तिची सावली अंगणात यायची ती चहाच्या वेळेला. त्या दिवशी आमचं दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं आणि सावली फोडींवर येऊन बसली होती. गार सावली. आईनं सुपं उचलून पूर्वेच्या भिंतीशी नेली, सावली थोड्याच वेळात तिथेही पोचली.

"सूर्य खाली सरकतो या दिवसांत," मी म्हणालो. असं काही नसतं, हे मला वाडीतल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आई पाण्याहून उशिरा यायला लागली. आधी थोडा उशीर, मग भात करपून जाईल एवढा. यायची ती भिंतीला धरून बसायची, पोटऱ्या दाबत.

"पायऱ्या वाढल्या गं, पोनियेम?" शेजारीण कुंपणापलीकडून ओरडायची. "की वय?"

"तुझं माझं एकच वय," आई म्हणायची. "तू उतरून बघ एकदा, भवाने."

शेजारीण हसायची. पण तीही उतरून आली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या सुनेला पाठवायला लागली होती.

वाडीतल्या कुणालाच काही चुकलंय असं वाटलं नाही. मोटरसायकली चढावर पहिल्या गियरमध्ये कण्हायच्या, तर म्हणे पेट्रोलमध्ये भेसळ. दुकानात म्हातारे टेकडीकडे बघून म्हणायचे, "यंदा लुंबुंग काय शोभून दिसतेय!"

माझ्याकडे एक उंचीमापक होतं, कॉलेजला परत न केलेलं. ते घेऊन मी टेकडीवर गेलो. वर पोचलो तेव्हा छाती फुटायला आली होती, खालची घरं तीळ सांडावेत तशी दिसत होती. काटा बघितला. शासनाच्या नकाशात जी उंची, तीच. एका हातानंही इकडेतिकडे नाही. खाली उतरून पुन्हा बघितला, बरोबर. यंत्र म्हणत होतं सगळं जागच्या जागी आहे. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी यंत्र हलवून, ठोकून पाहिलं, कारण यंत्राचं ऐकायचं तर माझे गुडघे, आईच्या पोटऱ्या आणि अंगणातली बुरशी, सगळे खोटं बोलत होते.

४

सभागृहात दुपारी म्हातारे डॉमिनो खेळत होते. मधे नकाशा, हिरवा रंग दिलेला. पंखा फिरला की लगद्याचा आंबूस वास यायचा.

"पाकदे, वरचे थर काढतो. परीक्षक यायच्या आत दुरुस्त करतो."

"हात तोडीन," पाकदे सोंगट्यांवरून नजर न काढता म्हणाला.

"मग चौकट तरी लिहू द्या."

"अरे, हा अजून चौकटीतच अडकलाय!" दुसरा एक म्हातारा म्हणाला. "परीक्षेचा पेपर असता तर लिहिली असतीस का रे चौकट? तिथे तर पळून आलास."

हसले सगळे. मी सांगितलं: दोरी, सावली, पायऱ्या. सांगतानाच कळत होतं की कसं ऐकू जातंय.

"तोले," पाकदे म्हणाला. लहान पोराला म्हणतात तसं. "पुठ्ठा आहे तो. पुठ्ठ्याला घाबरतोस? इकडे ये."

त्यानं बशीतला भुईमुगाचा एक दाणा उचलला आणि नकाशावरच्या आमच्या लुवेंगच्या भोकात टाकला. कौतुकानं माझ्याकडे बघितलं. "बघ, कसा खोल वाटतो."

मी कान देऊन उभा होतो. नळकांडं जेमतेम माझ्या हाताएवढ्या लांबीचं. दाणा तळाच्या फळीवर टक् करून पडायला हवा होता.

पंखा फिरत होता. कुणीतरी सोंगटी खाली ठेवली. टक् आलाच नाही.

मी वाकून टेबलाखाली बघितलं. नळकांडं तिथे होतं, तळाची फळी चारही खिळ्यांसकट जागेवर. फरशी स्वच्छ. मी फळीवर खालून टिचकी मारली, भरीव आवाज आला.

"सागियोकाका, तळ तुम्हीच ठोकलात ना?"

"मग कोण, तुझे प्राध्यापक?" सुतार म्हणाला. पण हातातली सोंगटी तो उलटीच धरून बसला होता.

पाकदेनं दुसरा दाणा टाकला नाही. बशी आपल्याकडे ओढून घेतली आणि खेळ पुढे चालू केला.

५

परीक्षकांच्या दिवशी पाकदे पहाटेच दारात. वाडीच्या सगळ्या बायकांनी जेवणाला लागायचं. आणि पाणी?

"पाणी पोनियेम आणेल. तिला सवय आहे."

"आई जाणार नाही," मी म्हणालो. त्याच्या तोंडाकडे बघून, मान वर करून. "पाण्याचा टँकर मागवा. नाहीतर तुम्ही उतरा."

"जारोत!" आईनं माझा दंड धरला. मग पाकदेला म्हणाली, "लहान आहे तो. आणते मी."

"शेताचा कागद याच महिन्यात करायचाय," पाकदे म्हणाला. माझ्याशी नाही, तिच्याशी. आणि गेला.

आईनं दोन डबे उचलले. मी आडवा झालो तर मला बाजूला सारलं. "सहा वर्षं, बाळा. आता कडेला आलंय. एका खेपेसाठी घालवू नकोस."

"मग मी जातो."

"तू गेलास तर म्हणेल, पोनियेमनं माझा शब्द मोडला. तू सभागृहात थांब. तुझ्या नकाशाचं काही विचारलं तर बोल चार शब्द. पोराचं कुणीतरी ऐकतंय एवढं तरी मला कळू दे."

मी थांबलो. थोडाच वेळ. गाड्या आल्या, लाउडस्पीकर सुरू झाला, आणि पाणी आलं नव्हतं. भाताची पातेली चुलीवर कोरडीच तापत होती. बायका लुवेंगच्या वाटेकडे बघत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. मी पळत सुटलो.

लुवेंगच्या तोंडाशी उभा राहून हाक मारली.

"आले रे, आले!" आईचा आवाज. नेहमीसारखा, जरासा वैतागलेला. पण इतक्या खालून की आधी वाटलं डोक्यातच आला.

उतरायला लागलो. पायऱ्या ओळखीच्या, तीच झीज, तेच शेवाळं. जिथे ओटा यायला हवा तिथे ओटा नव्हता, पायऱ्या होत्या. त्यांच्याखाली आणखी. वर बघितलं तर लुवेंगचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं पांढरं. खालून डब्यांची कडी वाजत होती, पाऊल, कडी, पाऊल. ती चढत होती. मी उतरत होतो. आवाज जवळ येत नव्हता.

"आई, डबे टाक! हातानं धरून ये!"

"सांडेल ना," ती म्हणाली.

माझा पाय घसरला आणि मी भिंत धरली. हात आत रुतला.

दगड रुतत नाही. मोबाइलचा दिवा लावला. चुनखडीची भिंत होती, ओली, पण थराथरांची. प्रत्येक थराची कड सरळ, सुरीनं कापल्यासारखी, आणि कडेच्या आत नागमोडी पापुद्रे. बोटांना चिकट लागत होतं. वास घेतला. खळ. कसाव्याची, आंबलेली. डोळ्यांसमोरच्या थरावर एक निळा बाण छापलेला होता, माझ्याएवढा उंच: फ्रिजच्या खोक्यावर असतो तो, कुठली बाजू वर ठेवायची ते सांगणारा. तो खाली तोंड करून होता.

मी आणखी उतरलो असतो तर बरं झालं असतं. मी वर पळालो.

६

सभागृहात तीन परीक्षक नकाशावर वाकलेले. पाकदे इस्त्रीच्या बाटिक शर्टात, हात पोटावर बांधून.

मी त्यांना ढकलून टेबलाशी गेलो. लुंबुंगच्या माथ्याला नखं घातली आणि वरचा थर ओढला. थोडा उचकटला.

तेव्हा भोकातून आवाज आला. बांबूच्या नळकांड्यातून, बारीक, मुंगीच्या घशातून यावा तसा. आधी फक्त कडी आणि पाऊल. मी थर ओढला तसा पाऊल अडखळलं, डबा पडल्यासारखं काहीतरी खडखडलं, आणि मग काहीच नाही. मी थर घाईघाईनं परत दाबला, दोन्ही हातांनी, श्वास रोखून. बऱ्याच वेळानं पुन्हा: पाऊल. कडी. पाऊल.

"आले रे."

सगळ्यांनी ऐकलं. सागियो सुतार भिंतीला पाठ लावून उभा होता, त्याचे ओठ पांढरे झाले होते. पाकदेनंही ऐकलं, मी त्याचे डोळे पाहिले.

"उंदीर," पाकदे म्हणाला. "बांबूत उंदीर शिरतात." आणि परीक्षकांकडे बघून हसत त्यानं खिशातला रुमाल काढला, बोळा केला आणि आमच्या लुवेंगच्या भोकात अंगठ्यानं दाबून बसवला.

मी त्याला मारलं. म्हाताऱ्याला, काकाला, सगळ्यांदेखत. मला बाहेर फरफटत नेताना मला दिसत होतं की परीक्षक वह्यांत काहीतरी लिहिताहेत.

संध्याकाळी बचाव पथक आलं, दोर लावून उतरलं. पायऱ्या, ओटा, ओट्याखाली पाणी. सगळं होतं तिथेच होतं. ओट्यावर दोन डबे, काठोकाठ भरलेले, शेजारी शेजारी. पाण्यात गळ टाकले, दोन दिवस शोधलं. खोली सरकारी कागदात होती तेवढीच भरली.

नकाशा अजून सभागृहात आहे. रुमाल मी त्याच रात्री काढला. रोज जातो, टेबलाला कान लावून बसतो. ती चढतेय. कधी थांबते, दम खाते, पुन्हा कडी वाजते. मी हाक मारली की उत्तर देते, दर वेळी तेच. थर काढायचं धाडस मला होत नाही. कोपऱ्यात चौकट लिहून पाहिली, दहा वेगवेगळे आकडे लिहिले, मोजपट्टी लावून काढलेलाही; एकही लागू पडला नाही. पाकदेनं किती थर चढवले ते त्यालाच माहीत नाही, आणि त्या चौघांतल्या कुणालाही नाही. त्यांनी मोजलेच नव्हते.

लोक पाकदेला अजून दुकानात खुर्ची देतात. शेताचा कागद झाला नाही, कारण आता करायचा कुणाच्या नावावर, असं तो म्हणतो.

परीक्षकांनी निकालात लिहिलं होतं: काम उत्तम, परंतु उंची किती पट वाढवली ते नमूद केलेलं नाही, सबब गुण कापले. केदुंगवारूला पहिलं बक्षीस मिळालं.

वातुकेरेपला दुसरं. पाकदेचं नुकसान झालं ते एवढंच.